नऊ-दशांशांचा नकार : ‘ब्रान्द’मधील अट

अनुभवाला दोनच कप्पे असतात, एक पूर्ण यशाचा व दुसरा पूर्ण अपयशाचा, असे गृहीत धरून चालणाऱ्या विचाराला बोधात्मक मानसोपचारपद्धतीने विचारदोष मानले आहे. आरन बेक व त्यांचे सहकारी यांच्या विषण्णतेवरील १९७९ च्या ग्रंथात त्याची नोंद आढळते. हे निदान मूलतः तार्किक आहे : वास्तवाला श्रेणी असतात, हा विचार त्या पाहत नाही. परंतु हाच विचार एखाद्याने व्रत म्हणून पत्करला, तर त्याला दोष म्हणणे पुरेसे ठरते काय? हेन्रिक इब्सेनच्या ‘ब्रान्द’ (१८६६) या पद्यनाट्याने हा प्रश्न शतकभर आधीच उभा केला होता.

सर्वस्व अथवा काहीच नाही, ही धर्मोपदेशक ब्रान्दची अट. सारी संपत्ती सोडल्याखेरीज मरणोन्मुख आईला अंतिम संस्कार देण्यास तो नकार देतो. ती प्रथम निम्मे देऊ करते, पुढच्या निरोपात नऊ-दशांश. ब्रान्दच्या लेखी दोन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य. विचारदोषाची लक्षणे येथे इतकी चोख जुळतात की निदान करून मोकळे व्हावेसे वाटते. मात्र त्यात घाई होते. पतीच्या मृतदेहाजवळ पैसा शोधणारी ही आई ब्रान्दने बालपणी पाहिलेली आहे. तिच्यापाशी उरलेला दशांश हा मोहाचा अवशेष नसून मोहच आहे, असे त्याला म्हणायचे आहे. आणि ते निव्वळ चूक नाही. वचन नऊ-दशांश पाळले, असे कोणी म्हणत नाही. काही मूल्यांना श्रेणी नसतातच.

खरा पेच आल्फच्या प्रसंगात आहे. सूर्यप्रकाशाविना असलेल्या त्या दरीत मूल जगणार नाही, असे डॉक्टर सांगतात, तेव्हा ब्रान्द तात्काळ निघावयास तयार होतो. इतरांशी कठोर असलेला हा माणूस स्वतःशी किती सौम्य आहे, असे डॉक्टर सुचवितात. नाटकातील ब्रान्दचा हा सर्वांत मानवी क्षण. त्याला मात्र त्यात केवळ विसंगती दिसते. तो राहतो आणि मूल दगावते. आईला तिची अट निदान कळली होती. आल्फचे ते वयच नव्हते. पुढे नाताळच्या पूर्वसंध्येला आग्नेस त्या मुलाचे कपडे एका भटक्या स्त्रीला देते, एक टोपी तेवढी लपवून ठेवते, आणि ब्रान्द तीही देववितो. सुसंगती ब्रान्दची, किंमत दुसऱ्यांची : विचारदोषाच्या व्याख्येत हे अंतर कोठेच मावत नाही.

इब्सेनने ब्रान्दसमोर एखादा समंजस मध्यममार्गी उभा केला असता, तर प्रश्न सोपा झाला असता. त्याने उभे केले ते सोयीस्कर तडजोडीचे अधिकारी, आणि त्यांचा यथेच्छ उपहास केला. शेवटी हिमलोट कोसळत असता ब्रान्द ईश्वराला विचारतो, की माणसाच्या पुरेपूर इच्छाशक्तीला तारणासाठी काहीच मोल नाही काय. उत्तरादाखल येणारी, ईश्वराला प्रेमस्वरूप म्हणणारी वाणी निवाडा आहे की क्षमा, यावर समीक्षकांचे एकमत नाही. त्या अखेरच्या प्रश्नातही हिशोब इच्छाशक्तीचाच आहे. आईचा, आग्नेसचा वा आल्फचा उल्लेख त्यात नाही.