वळण

गेल्या पावसाळ्यात आमच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली. वरच्या मजल्यावरच्यांना दोनदा सांगितलं, ‘बघतो’ म्हणाले. मग रोज सकाळी दाढी करताना मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडू लागलो. ते काय म्हणतील, त्यावर मी काय सुनवायचं, ते कसे निरुत्तर होतील. तीन महिने ही तालीम चालली. वसुबारसेला ते गृहस्थ फराळाचा डबा घेऊन दारात उभे राहिले. ‘गावी आई आजारी होती, राहून गेलं. उद्या प्लंबर येतोय,’ म्हणाले. आणि माझ्या तोंडून ते घोटून ठेवलेलं वाक्य जसंच्या तसं बाहेर पडलं. त्यांनी डबा स्टुलावर ठेवला आणि काही न बोलता जिना चढून गेले.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला राग आलेलाच नव्हता. वाक्य तयार होतं, म्हणून ते बोललं गेलं.

मज्झिमनिकाय या बौद्ध ग्रंथात ‘द्वेधावितक्क’ नावाचं सुत्त आहे. बोधी मिळण्याआधी आपण आपल्या विचारांचे दोन भाग केले, असं बुद्ध त्यात भिक्खूंना सांगतात. वासना, द्वेष आणि हिंसा यांचे विचार एकीकडे, त्यांच्या उलटचे दुसरीकडे. माणूस ज्याचं चिंतन वारंवार करतो, तिकडे त्याच्या चित्ताचा कल होतो, हे त्यातलं मर्म. दृष्टांत गुराख्याचा आहे. पावसाळा सरताना पिकं दाट उभी असतात. तेव्हा गुराखी काठी घेऊन गुरं वळवतो, कारण ती पिकात शिरली तर दंड आणि मार त्याच्याच वाट्याला येतो.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. पण मनाविषयी गाताना त्यांनाही उभ्या पिकातलं ओढाळ ढोरच दिसलं. ज्यांनी गुरं आणि शेत जवळून पाहिलंय त्यांना मन असं दिसणं साहजिक आहे. आपल्या भाषेनंही ही खूण जपली आहे. आपण गुरं वळतो आणि मुलांनाही वळण लावतो. चारित्र्य हा शब्द भाषणातला. घरातला शब्द वळण.

ढोर पिकाकडे मान वळवणारच. वाईट विचार मनात आला म्हणून कुणी वाईट ठरत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे: त्याला हुसकायचं, की चरू द्यायचं? मी तीन महिने चरू दिलं, वर त्याला न्यायाची बाजू समजलो. सुडाचे विचार असेच न्यायाचा अंगरखा घालून येतात, म्हणून त्यांना कुणी अडवत नाही.

नुसत्या काठीनंही भागत नाही. १९८७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी काही जणांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. पुढे विचार करायची मोकळीक दिल्यावर, आधी दाबून ठेवणाऱ्यांना ते अस्वल जास्तच आठवलं. पतंजलींनी योगसूत्रांत सुचवलेला उपाय वेगळा आहे: प्रतिपक्षभावन, म्हणजे विरुद्ध विचार मनात रुजवणं. गुरं पिकातून हाकलायची तर कुरण कुठे आहे ते गुराख्याला ठाऊक हवं.

‘चांगला विचार करा, सगळं चांगलं होईल’ हा आजकालचा मंत्र मात्र मला पटत नाही. विचारानं छताची ओल वाळत नाही. त्याला प्लंबरच लागतो. विचारानं एवढंच ठरतं, की प्लंबर येईपर्यंत आपण कोण होऊन बसतो.

सुत्तातल्या दृष्टांताचा दुसरा भागही आहे. उन्हाळा सरत आलेला, पिकं गावात येऊन पडलेली. आता गुराखी झाडाखाली बसतो. गुरं तिथे आहेत, एवढं भान ठेवलं की पुरे. काठी जन्मभर उगारावी लागत नाही, हा त्यातला दिलासा. मी अजून त्या झाडाखाली पोहोचलेलो नाही.

भाऊबीज झाल्यावर डबा परत करायला निघालो. रिकामा देऊ नये म्हणून चकल्या भरल्या. जिना चढताना जुनंच वाक्य पुन्हा तोंडाशी आलं. वाट मळलेली होती. अर्ध्या जिन्यात थांबलो. त्यांच्या आजारी आईची चौकशी आपण केलीच नव्हती, हे आठवलं. मग वर जाऊन बेल वाजवली.