निकालाची घाई

कादंबऱ्या वाचणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय, असा प्रश्न आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी परवा मला केला. माझ्या हातात तेव्हा दोन भावांच्या वाटणीच्या दाव्यावर रचलेली कादंबरी होती. मृत्युपत्र खरे की बनावट, हे कळावे म्हणून मी आदल्या रात्री बारापर्यंत जागलो होतो. त्यामुळे उत्तर देताना जरा चाचरलोच.

वास्तविक कादंबरीशी आपले नाते जुने आहे. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. विधवांची दुःखे हाच तिचा विषय. आदल्याच वर्षी विधवाविवाहाचा कायदा झाला होता. त्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक दिली. परंतु पुनर्विवाह करताच पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा वारसाहक्क संपे. अशा एका कलमाने घरात काय उलथापालथ होते, हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. त्यासाठी गोष्टच लागते.

मग दोष कोठे आहे? पहिल्या पन्नास पानांतच मी धाकट्या भावाला लबाड ठरवून मोकळा झालो होतो. शेवटी उलटेच निघाले! लेखकाने मला चकविले आणि चकण्यात मला मौज वाटली. परंतु पुस्तक मिटल्यावर एक गोष्ट मनाला टोचू लागली.

आमच्या बिदर-कलबुर्गी भागातही असे दावे होतात. निजामी अमदानीतील जुना कागद उर्दूत, आजची पहाणी कन्नडात आणि भावाभावांचे भांडण मराठीत! अपिलासाठी आता बेंगळूर गाठावे लागत नाही. २००८ पासून उच्च न्यायालयाचे कामकाज कलबुर्गीतही चालते. पण त्याहून जवळचे एक न्यायालय उपासनेनंतर मंदिराच्या पायरीवर भरते. तेथे मीही न्यायाधीश असतो. एका विधवा भगिनीने दिरांवर दावा लावला, तेव्हा दिरांचेच ऐकून मी तिला लोभी म्हटले. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला पतीच्या मिळकतीचा तिसरा हिस्सा मिळतो, एवढेही मी पाहिले नव्हते. दुसरा पक्ष उभा राहून विचारपूस करीपर्यंत पहिल्याचेच म्हणणे खरे भासते, हा नीतिसूत्रांच्या १८ व्या अध्यायातील इशारा मात्र मला तोंडपाठ होता!

त्या गृहस्थांना माझे उत्तर असे: कादंबरी अवश्य वाचावी. पण कल्पित माणसाचा निकाल लागेपर्यंत जो तीनशे पाने धीर धरतो, त्याने खऱ्या शेजारणीसाठी एक संध्याकाळ तरी द्यावी.

मी स्वतः अजून त्या भगिनीच्या घरी गेलेलो नाही. या रविवारी जाणार आहे. तेथे बोलायचे तिने. मी फक्त ऐकायचे.