चूक ड्रायव्हरचीच?

कोणते रसायन कोणाशेजारी ठेवू नये, हे धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याच्या फटाका कारागिरांना नव्याने सांगावे लागत नाही. या गावाने स्फोटांत माणसे गमावली आहेत. साखर कारखान्याच्या आवारात रसायनाचा टँकर खाली होताना मात्र असा धोका कुणाला जाणवत नाही. नळी जोडायची, व्हॉल्व उघडायचा, चलनावर सही घ्यायची. रोजचेच काम.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात अ‍ॅचिसन येथे एमजीपीआय या कंपनीची आसवनी होती. तिथे २१ ऑक्टोबर २०१६ च्या सकाळी सल्फ्युरिक आम्लाचा टँकर आला. कामगाराने आम्लाच्या जोडणीचे कुलूप काढले, ड्रायव्हरला जागा दाखवली आणि तो आपल्या कामाला गेला. शेजारीच, जेमतेम दीड फुटावर, सोडियम हायपोक्लोराइटची तशीच जोडणी होती. तिचेही कुलूप उघडे होते आणि दोन्हींवर नावाची स्पष्ट खूण नव्हती. ड्रायव्हरने नळी तिथे जोडली. आम्ल हायपोक्लोराइटच्या टाकीत गेले आणि क्लोरीनयुक्त विषारी ढग गावावर पसरला. १४० हून अधिक लोकांना उपचार घ्यावे लागले, हजारो लोकांना घराबाहेर पडू नका किंवा गाव सोडा असे सांगावे लागले.

चूक ड्रायव्हरची, असे म्हणून फाइल बंद करता आली असती. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने तसे केले नाही. सारख्या दिसणाऱ्या जोडण्या इतक्या जवळ का, स्पष्ट खुणा का नाहीत, नळी जोडताना कारखान्याचा माणूस तिथे का नव्हता, हे त्याने विचारले. एका माणसाच्या नजरेवर गावाचा श्वास टांगून ठेवणाऱ्यांची जबाबदारी त्या माणसापेक्षा मोठी असते.

टँकर जोडलेला असतानाची ती काही मिनिटे किती नाजूक असतात, हे महाराष्ट्राने नाशिकमध्ये पाहिले. २१ एप्रिल २०२१ रोजी डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरण्याच्या वेळी प्राणवायूची गळती झाली आणि किमान २२ रुग्ण दगावले. तिथे रसायनांची अदलाबदल नव्हती. पण त्या मिनिटांचे मोल तेच होते.

धाराशिव जिल्हा साखर कारखान्यांचा. साखर उद्योगात बाष्पकांच्या नळ्या धुवायला कॉस्टिक सोडा लागतो, आसवनीत आम्ल लागते. दोन्ही एकत्र आले तर प्रचंड उष्णता निर्माण होते. उपाय महागडे नाहीत. प्रत्येक रसायनाच्या जोडणीचा आकार वेगळा हवा, म्हणजे चुकीची नळी बसणारच नाही. मराठी-हिंदीत ठळक पाटी हवी. टँकरवरचा संयुक्त राष्ट्र क्रमांक, म्हणजे सल्फ्युरिक आम्लासाठी १८३० आणि हायपोक्लोराइटसाठी १७९१, चलनाशी आणि टाकीवरच्या पाटीशी ताडून पाहायला हवा. ज्या जोडणीचे काम आहे तिचेच कुलूप उघडावे. रात्रभर गाडी हाकून आलेल्या ड्रायव्हरला एकटे सोडू नये.

गळीत हंगामापूर्वीच्या वार्षिक सभेत सभासद उसाच्या दराचा जाब विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. त्याच सभेत टँकर खाली होताना जोडणीपाशी कोण उभे असते, हेही एका सभासदाने उठून विचारावे.