पडद्यापलीकडचा नैवेद्य
२०२० साली कोरोनाच्या बंदीमुळे सार्वजनिक गणेशमूर्तींची उंची चार फुटांवर आली, लालबागच्या राजाच्या मंडळाने तर मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, आणि एरवी मांडवात राबणारी पोरं घरात अडकली. त्यांच्यासाठी ऑनलाइन दर्शन आलं, तसे व्हिडिओ कॉलवर मोदकांचे वर्गही भरले. पडदा एकच, पण धर्माच्या दृष्टीने दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा खरी वाटते. दर्शनात मुलगा प्रेक्षक राहतो, मोदकात त्याला कर्ता व्हावंच लागतं. शिकवणाऱ्या काकू ‘मळून घ्या’ म्हणतील, पण उकड कितपत मऊ झाली हे पडद्यावरून कळत नाही. ती गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळावी लागते, पारी कडेला पातळ हवी, आणि कळी फाटली तर वाफेत सारण बाहेर येतं. शिवाय नैवेद्य दाखवण्याआधी चाखायचा नाही. गूळ पुरेसा झाला का, हे जिभेवर न ठेवता ठरवायचं. घास घेऊन कॅमेऱ्यासमोर मान डोलावणारे व्हिडिओ पाहत वाढलेल्या पिढीला हा संयम कुठल्या प्रवचनातून शिकवणार?

सोवळ्याचा प्रश्न निघतोच. पण जिथे ते खरोखर पाळलं जातं तिथे फोन स्वयंपाकघरात जाणारच नाही; बाकीच्यांना ते नेमकं आताच आठवावं, हे जरा सोयीचं आहे. वजनदार आक्षेप वेगळाच आहे. गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात, कुणाचं काय ते उरत नाही. वेगवेगळ्या घरांतली ताटं पडद्यावर शेजारी दिसली तरी कालवली जात नाहीत. हे मान्य करावंच लागतं. त्याच वर्षी इस्रायलमध्ये पेसाख या ज्यू सणाच्या जेवणावरून असाच वाद झाला. काही सेफार्दी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, एकट्या पडलेल्या वृद्धांना झूमवरून कुटुंबात बसायची मुभा दिली, संगणक सण लागण्याआधीच सुरू करून ठेवायच्या अटीवर आणि तीही आणीबाणीपुरतीच. मुख्य रब्बींनी ती फेटाळली. मला मुभा देणाऱ्यांचं पटतं: एकटेपणावर उतारा म्हणून पडदा चालावा, शेजारी जायचा कंटाळा म्हणून नव्हे.

आता बंदी उरलेली नाही. तरी शिकायला, नोकरीला दूर गेलेल्या मुलांसाठी मंडळांनी असे वर्ग जरूर घ्यावेत. मात्र निदान पाच मोदक खोलीबाहेरच्या कुणाला तरी स्वतः नेऊन द्यायचे, ही अट सुरुवातीलाच घालावी. परदेशातल्या वसतिगृहात शेजारच्या मुलाला बाप्पा ठाऊक नसेल, त्याने काही बिघडत नाही. सारणात काय आहे ते तेवढं आधी सांगावं. त्याला नारळाची ॲलर्जी असू शकते.