वारशाने आलेली निष्ठा आणि लिस्बनचा सामना

माणूस कोणत्या घरात जन्मला यावर बहुधा त्याचा देव ठरतो आणि फुटबॉलवेड्या मुलखांत त्याचा संघही ठरतो. निष्ठा अशी योगायोगाने मिळाली म्हणून ती उसनी ठरते का, हा धर्मचिंतनातला जुना प्रश्न आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या ‘ऑन लिबर्टी’मध्ये तो नेमका मांडला. ज्या कारणांनी एखादा माणूस लंडनमध्ये चर्चचा अनुयायी होतो, त्याच कारणांनी तो पेकिंगमध्ये बौद्ध किंवा कन्फ्यूशियसपंथी झाला असता. मग आपलेच खरे, असे त्याने कशाच्या बळावर म्हणावे? वडिलांचे बोट धरून परदेशात पाहिलेला फुटबॉलचा सामना या प्रश्नाच्या कसोटीला फार उपयोगी पडतो. श्रद्धेची बहुतेक सगळी अंगे तिथे असतात, पण खरा-खोटा ठरवता येईल असा सिद्धान्त त्यात एकही नसतो.

२५ मे १९६७ रोजी लिस्बनजवळच्या राष्ट्रीय स्टेडियमवर ग्लासगोचा सेल्टिक आणि इटलीचा इंटर मिलान यांच्यात युरोपियन कपचा अंतिम सामना झाला. सेल्टिकचा जन्मच धर्मकार्यातून झालेला. ग्लासगोच्या पूर्व भागातल्या आयरिश कॅथलिक वस्तीत ब्रदर वॉलफ्रिड या मॅरिस्ट धर्मबंधूंनी १८८७ साली, गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा म्हणून हा क्लब काढला. पुढची ऐंशी वर्षे त्याची भक्ती घराघरांत बापाकडून लेकाकडे येत राहिली. लिस्बनला उतरलेला संघही घरचाच होता, कारण सगळे खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. त्यांच्यामागे हजारो पाठीराखे निघाले. कोणी विमानाने गेले, कोणी रेल्वेने, तर कित्येकांनी मोटारींतून फ्रान्स आणि स्पेन पार केले.

तो गुरुवार कॉर्पस क्रिस्तीचा होता. कॅथलिकांना मिस्सा चुकवता येत नाही, असा हा सण. सकाळी लिस्बनच्या चर्चमध्ये मिस्सेला बसलेले स्कॉटिश पाठीराखे संध्याकाळी स्टेडियमच्या पायऱ्यांवर होते. सातव्याच मिनिटाला इंटरला पेनल्टी मिळाली आणि सान्द्रो मात्सोलाने गोल केला. हेलेनियो हेरेराचा हा संघ भिंतीसारख्या बचावासाठी प्रसिद्ध होता. आघाडी मिळताच तो मागे सरकून उभा राहिला. सेल्टिकचे हल्ले थांबले नाहीत. चेंडू दोनदा आडव्या दांडीवर आदळून परत आला. अखेर ६३ व्या मिनिटाला टॉमी गेमेलने दुरून मारलेला फटका जाळ्यात गेला, आणि ८४ व्या मिनिटाला स्टीव्ह चाल्मर्सने दुसरा गोल केला. ब्रिटनमधल्या संघाने युरोपियन कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

निष्ठेच्या प्रश्नात विजयाला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते मात्सोला आणि गेमेल यांच्या गोलांमधल्या ५६ मिनिटांना. घरात बाप नियम सांगतो, रागावतो, पैसे मोजतो. त्याच्या हातात काहीतरी असते. इथे त्याच्या हातात काहीच नसते. परक्या देशात, भाषा कळत नाही अशा ठिकाणी तो उभा असतो, ओरडून घसा बसलेला असतो, आणि ज्यावर त्याचा जीव आहे ते वाचवायला तो काडीचीही मदत करू शकत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला कदाचित पहिल्यांदाच आपला बाप कुणाच्या तरी पुढे लीन झालेला दिसतो. त्या घडीला मुलाला शिकवण दिली जात नाही. दोघे एकाच गोष्टीकडे सारख्याच असहायतेने पाहत असतात. वारसा खऱ्या अर्थाने पोचतो तो इथे, आणि म्हणूनच त्याला उसना म्हणणे पटत नाही.

प्रवासाचाही यात वाटा आहे. घरापासून दूर, रोजच्या पायऱ्या बाजूला ठेवून एका स्थळाकडे निघालेल्या माणसांत वेगळाच बंधुभाव तयार होतो, असे मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रांच्या अभ्यासातून मांडले. त्यासाठी त्यांनी ज्या लेखनाचा आधार घेतला, त्यात इरावती कर्वे यांचा पंढरीच्या वारीवरचा लेख होता. तो १९६२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला होता. पण इरावतीबाईंच्या नजरेतून दुसरी बाजूही सुटली नव्हती. एकाच पालखीबरोबर चालणारे, तेच अभंग गाणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत. वाट एक झाली म्हणून भेद मिटतातच असे नाही. वारीतला आणखी एक भेद इथे लक्षात घेण्याजोगा आहे. वारी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते, बापाच्या खांद्यावर बसून पोरगे पंढरपूर पाहते; पण तुळशीची माळ ज्याची त्यानेच घालायची असते. म्हणजे वारसा आणि स्वीकार या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे वारकरी परंपरेने आचारातच मान्य केलेले आहे.

एकत्र हजर राहण्यातून वारसा पोचतो, यावर सर्वात अवघड आक्षेप किर्केगार्डचा. १८४४ च्या ‘फिलॉसॉफिकल फ्रॅगमेंट्स’मध्ये योहान्नेस क्लिमाकस या टोपणनावाने तो विचारतो की, देव माणसाच्या रूपात आला तेव्हा त्याला डोळ्यांनी पाहणारा शिष्य आणि शेकडो वर्षांनी नुसते ऐकणारा शिष्य यांत फरक काय? त्याचे उत्तर आहे, काही नाही. प्रत्यक्ष पाहणे हे फक्त निमित्त. श्रद्धेची उडी दोघांनाही स्वतःच घ्यावी लागते. लिस्बनला हे लावून पाहता येते. तिथे हजर असलेल्याकडे जास्तीचे काय होते? सामना संपताच लोक मैदानात घुसले, काहींनी हातांनी गवत उपटून खिशात घातले. सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्पसन याच्या टोपीत सहकाऱ्यांच्या दातांच्या कवळ्या ठेवलेल्या होत्या, आणि ती टोपी सामनाभर गोलच्या जाळ्यात पडून होती. अशा तपशिलांनी श्रद्धा वाढत नाही, हे किर्केगार्डचे म्हणणे खरे आहे. तरीही त्याच्या मांडणीत शिष्य एकटा आहे. देव आणि तो, मध्ये कोणी नाही. बापाबरोबर गेलेल्या मुलाने सामन्याइतकाच बाप पाहिलेला असतो, आणि त्या दर्शनाची भरपाई नंतर चित्रफीत पाहून होत नाही.

मात्र त्याच हातांनी द्वेषही सोपवला जातो. रेंजर्स हा ग्लासगोतला दुसरा मोठा संघ प्रॉटेस्टंटांचा मानला जाई आणि अनेक दशके तो उघडपणे कॅथलिक खेळाडू घेत नसे; १९८९ मध्ये मो जॉन्स्टनला घेतले तेव्हा शहरात मोठी खळबळ उडाली. सामन्यांतल्या धार्मिक शिवीगाळीवर स्कॉटिश संसदेला २०१२ मध्ये कायदा करावा लागला, तो २०१८ मध्ये रद्दही झाला. लिस्बननंतर सहाच दिवसांनी, ३१ मे १९६७ रोजी, न्यूरेंबर्गला कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात रेंजर्स जादा वेळेत बायर्न म्युनिककडून १-० ने हरले. तिथेही पाठीराखे दूरचा प्रवास करून गेले होते. त्यांची भक्ती सेल्टिकवाल्यांपेक्षा कमी अस्सल होती, असे म्हणायला कोणताच आधार नाही. मिलचा प्रश्न इथे खरा लागू पडतो. ‘हा माझा’ या भावनेला जन्माच्या योगायोगाने बाध येत नाही, कारण तो जगाविषयीचा दावा नाही. ‘तो वाईट’ हा मात्र दावा आहे, आणि पलीकडच्या गल्लीत जन्मलो असतो तर आपण नेमके उलट म्हटले असते, एवढ्या एका विचाराने तो कोसळतो. वारशातला हा भाग वडिलांकडून आला म्हणून पवित्र होत नाही.

आपलेपणा आणि द्वेष हे वारशाचे दोन भाग वेगळे करता येतात याचा पुरावा सेल्टिकच्याच व्यवस्थापकात सापडतो. जॉक स्टीन प्रॉटेस्टंट होता, लॅनार्कशायरच्या खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेला, घरची माणसे रेंजर्सची. १९५१ मध्ये तो खेळाडू म्हणून सेल्टिकमध्ये आला तेव्हा काही जुन्या मित्रांनी त्याच्याशी संबंध तोडले. १९६५ मध्ये तो सेल्टिकचा पहिला प्रॉटेस्टंट व्यवस्थापक झाला, आणि दोनच वर्षांनी लिस्बनला जमलेल्या कॅथलिक बापलेकांना त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा दिवस त्यानेच दाखवला.