किती पाण्याचा गहू?

दिवाळी झाली की आमच्या जुन्नर-आंबेगावकडं एकच विचारणा सुरू होते, "यंदा कोणता गहू?" विचारणाऱ्याच्या मनात पोती असतात नाहीतर चपाती. तो गहू किती पाण्याचा, हे कुणी विचारत नाही.

आमच्या घरी कित्येक वर्षं लोकवन होता. सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेचं हे वाण. मूळ नाव लोक-१, बाजारानं त्याचं लोकवन केलं. सकाळची चपाती संध्याकाळी मऊ राहिली की आई म्हणायची, गहू चांगला. पुढं निफाडच्या संशोधन केंद्राची वाणं आली. त्र्यंबक वेळेवर पेरलेल्या बागायतीसाठी, नेत्रावती कमी ओलितासाठी. पेर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मुकुटमुळं फुटताना, 21 दिवसांनी पहिलं पाणी, आणि मग साधारण तेवढ्याच अंतरानं पुढची. दोनच पाणी असतील तर दुसरं 60-65 दिवसांनी. इथवर सगळ्यांना पाठ असतं.

माझी धाकटी बहीण श्रीगोंद्याकडं दिलीय. कुकडीचा डावा कालवा येडगावहून निघून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडं जातो. ती एकदा सहज बोलली, "दादा, तुमचा गहू ओंबीवर येतो तेव्हा कुठं आमच्या चारीला पाणी दिसतं." तेव्हापासून वाण निवडणं मला नुसतं माझ्या रानाचं काम वाटेना.

पारावर हा विषय काढला तर उत्तर तयार असतं. "तू एक पाणी सोडलंस तर ते खाली पोचणार आहे का? मधलाच कुणीतरी उसाला घेईल." हे खोटं नाही. दुसरा म्हणतो, "धरणाला जमिनी आपल्या भागानं दिल्या. जुनं आंबेगाव डिंभ्याच्या पाण्यात गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. मग पाण्यावर पहिला हक्क आपला नाही का?"

पण ज्यांची घरं बुडाली ते वेगळे, आणि कालव्याखाली भिजवणारे आम्ही वेगळे. त्यांचं दुःख पुढं करून मी जादा पाणी घ्यावं, हे मला पटत नाही. आणि मधला घेईल की नाही, हा त्याचा प्रश्न झाला. मला त्या पाण्याची गरज आहे का, याचं उत्तर त्याच्याकडं नाही. ते मलाच द्यावं लागतं, आणि तेही पेरायच्या आधी. एकदा चार पाण्याचा गहू पेरला की मग उभ्या पिकाला तहानलेलं कोण ठेवील?

म्हणून विहिरीवरच्या तुकड्यात मी घरच्या चपातीपुरता त्र्यंबक करतो. कालव्याखालच्या रानात नेत्रावती, दोन पाण्यांवर. पोती कमी भरतात आणि वहीत मी तो तोटाच लिहितो. बहिणीची चारी त्यानं भरली, असं मी कधी म्हणणार नाही. पण मधल्या पाळीला शेजारी बांधावरून हाक मारतो, "पाणी आलंय, दारं धरायला ये!" तेव्हा मला सांगता येतं, "आमच्या गव्हाला आत्ता नको, जाऊ दे पुढं."