निसणा आणि पटाशी

दृष्टांताने सिद्धांत उलगडण्याची रीत महानुभाव पंथात फार जुनी आहे. केशिराजबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'त सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक असा क्रम आढळतो. त्याच रीतीने सुताराच्या पटाशीचा विचार केला असता साधकास हिताचा बोध होतो.

दृष्टांत असा : काम करता करता पटाशी बोथट होते. बोथट पटाशी लाकडात शिरत नाही. मग जोर लावावा लागतो, आणि जोराने निसटलेली पटाशी हातासच इजा करते. म्हणून जाणता सुतार काम थांबवून निसणा घेतो. घासलेल्या लोखंडाचा चुरा दगडात रुतून बसू नये म्हणून त्यावर पाणी अथवा तेल सोडतो. पटाशीचा उतार साधारण २५ ते ३० अंशांचा. तो ढळू न देता प्रथम खरबरीत व नंतर बारीक कणाच्या दगडावर ती घासतो. निसणा लोखंडास नवे काही देत नाही. बोथटपणा तेवढा झिजवून नेतो. घासता घासता धारेच्या दुसऱ्या अंगास अतिपातळ पापुद्रा उभा राहतो. नवशिका त्यालाच धार समजतो. परंतु पहिल्याच घावास तो दुमडतो. जाणता सुतार पटाशी उलटवून तिची सपाट पाठ दगडावर टेकवितो आणि हलक्या हाताने पापुद्रा उतरवितो. हात जड पडला, तर तोच पापुद्रा पुन्हा पहिल्या अंगास उभा राहतो.

दार्ष्टांतिक : पटाशी ती साधकाची बुद्धी. निसणा तो आचार. स्मरण, भिक्षा, अटन, विजन हे त्याचे अंग. उतार न ढळणे तो नित्यनेम. पापुद्रा तो 'मी आचारवंत' हा अभिमान. ज्याने आचार केलाच नाही, त्यास हा अभिमान होण्याचे कारण नाही. तो आचारातूनच उपजतो. म्हणून तो दिसताच आचार सोडू नये, आणि त्यास आचाराचे फळही मानू नये. त्याची खूण कोणती? नवख्या वासनिकाची चूक तत्काळ दिसते, स्वतःची दिसत नाही. आणि कोणी अपमान केला की सारी शांती दुमडते.

उपाय पाठ टेकविण्याचा. जी बाजू लोकांस दाखविली जात नाही, ती गुरूंपुढे उघडी करावी. धाकट्यासही मनःपूर्वक दंडवत घालावे. परंतु हेही हलक्या हाताने. नम्रतेचा अट्टाहास केला तर 'मी किती नम्र' असा दुसरा पापुद्रा उभा राहतो.

दृष्टांत एकदेशी असतो, हे विसरू नये. सुताराची धार लाकडावर चालते. साधकाची धार स्वतःच्या दोषांवरच चालावी, अन्य जीवास तिचा ओरखडाही लागू नये. आणि आचाराने मळ झिजला तरी ज्ञान देणारा परमेश्वरच; त्याच्या कृपेवाचून केवळ घासण्याने जीवाचा उद्धार होत नाही. हे जाणून जो रोज निसण्यावर बसतो, त्याच्या ठायी अभिमानास उभे राहण्यास जागा उरत नाही.

दंडवत प्रणाम.